साल्वूला निळ्यांनी उचललं

“त्यांना बोलवायचं नाही,” साल्वू म्हणाला.

“नन्नू, बोलू नका. नुसता श्वास घ्या.”

“घेतोय की. पण तू त्यांना

धडाम.

त्या रविवारी सकाळपासून आमचं एकही वाक्य पुरं झालं नव्हतं. गावाबाहेरच्या शेतातून आवाजाचे गोळे सुटत होते आणि प्रत्येक गोळ्याला बाल्कनीच्या काचा थरथरत होत्या. सान लॉरेन्सचा सण. आमच्या वसईतही सणाला गरनाळं उडवतात, पण चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली की ती संपतात. माल्टात ती संपत नाहीत. वसई तालुक्यात मावेल एवढा देश. नदी नाही, डोंगर नाही, नळाला समुद्राचंच पाणी गोडं केलेलं. माणसं वर्षभर दारूगोळा भरत बसतात आणि उन्हाळ्यात तो आभाळात फोडतात.

साल्वू बाल्कनीतल्या लाकडी खुर्चीत होता. बाल्कनी म्हणजे भिंतीला बाहेरून टांगलेलं काचेचं कपाट, लाल रंगवलेलं. आडवा झाला की तो गुदमरायचा, म्हणून दोन रात्री त्याने बसूनच काढल्या होत्या. आता बसूनही जमत नव्हतं. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज मला ओळखीचा होता. माझ्या वडिलांच्या छातीतून शेवटी शेवटी तोच यायचा.

“अँब्युलन्स येतेय,” मी म्हटलं.

“कुठून येणार? रस्त्यात माणसं आहेत. संत आहे. उडत येणार?”

फोनवरच्या बाईनेही तेच सांगितलं होतं. गावातले रस्ते सणासाठी बंद आहेत, गाडी शाळेच्या कोपऱ्यापर्यंत येईल, पेशंटला तिथे आणा. मी विचारलं, कसं आणू? ती म्हणाली, घरात पुरुष माणसं असतील ना.

घरात मी होते.

*

मी सिसिल्या रुमाव. साल्वूचं सगळं करायला ठेवलेली बाई. सिसिल्याचं त्याने पहिल्याच आठवड्यात चिल्या करून टाकलं आणि मी त्याला नन्नू म्हणायला लागले, म्हणजे आजोबा. त्याची मुलगी डोरिस शेजारच्या गावात राहायची. नातू कुठल्याशा ऑनलाइन जुगाराच्या कंपनीत होता, गार ऑफिसात बसून. तिथली तरुण माणसं अशाच कामांत असतात. घरं बांधायला आफ्रिकेतली माणसं, बस चालवायला आपली, आणि म्हातारे आम्हा बायकांकडे.

माल्टात काम करायचा माझा परवाना साल्वूच्या नावावर होता. साल्वू आहे तोवर मी आहे. तो गेला की थोड्या दिवसांत दुसरं घर शोधायचं, नाहीतर विमान. आणि त्या उन्हाळ्यात दुसरं घर मिळवून देईन असं म्हणणारे एजंट फोन उचलत नव्हते. परवान्याची मुदत संपत आली होती. मंगळवारी साल्वूला खुर्चीत घालून ऑफिसात न्यायचं आणि त्याची सही घ्यायची असं डोरिसचं माझं ठरलं होतं.

वसईला परत जायला जागा नव्हती. मी निघाले त्याच वर्षी भावाने माझी खोली पाडून तिथे जिना घेतला. आई त्याच घरात होती. मी दर महिन्याला पाठवत होते म्हणून तिला ताट मिळत होतं. तिने तसं कधी म्हटलं नाही. फोनवर एवढंच विचारायची, “तुझे आजोबा बरे आहेत ना गं?”

साल्वूसाठी मी रोज प्रार्थना करायचे. ती सगळीच्या सगळी साल्वूसाठी नसायची.

*

“संध्याकाळी तो येईल,” साल्वू म्हणाला. “माझ्या बाल्कनीखाली थांबेल. माझ्याकडे वळेल. मग ने मला कुठे न्यायचं तिथे.”

तो म्हणजे सान लॉरेन्सचा पुतळा. माणसापेक्षा मोठा, सोन्याचा मुलामा दिलेला, गावातले आठ जण खांद्यावर घेतात. गावाची रीत अशी की ज्याने पुतळा वाहिला तो अंथरुणाला खिळला, तर मिरवणूक त्याच्या घराखाली थांबते आणि पुतळा त्याच्याकडे तोंड करून वळवतात. साल्वूने तरुणपणापासून पुढचा डावा दांडा वाहिला होता. त्याच्या डाव्या खांद्यावर त्याची गाठ होती, पावाएवढी. ते तिला पावच म्हणतात. रोज अंघोळीनंतर मी तिला तेल लावायचे. “हळू,” तो म्हणायचा, “संत बसतो तिथे.”

“नन्नू, तो येईपर्यंत तुम्ही राहणार नाही.”

“राहीन.”

“आणि वळून गेल्यावर?”

“मग मला न्यायला कोणी लागणार नाही.”

“असं बोलू नका.”

“का? मला तेच तर

धडाम.

*

डोरिसचा फोन बंद होता. ती मिरवणुकीला गेली होती, पुतळ्याच्या मागे मेणबत्ती घेऊन चालणाऱ्या बायकांत. मी धावत सान लॉरेन्सवाल्यांच्या लाल क्लबात गेले. दारात लाल शर्ट घातलेली माणसं बिअरचे ग्लास घेऊन उभी होती. क्लबचा अध्यक्ष तोनिनो माझ्या ओळखीचा होता. दर रविवारी साल्वूला भेटायला यायचा, सोबत चीजची पेस्ट्री आणायचा आणि स्वतःच खाऊन जायचा.

“तोनिनो, साल्वूला श्वास लागलाय. शाळेपर्यंत उचलायला चार जण द्या.”

त्याचा चेहरा उतरला. त्याला साल्वूची माया होती, खोटं नाही. “आत्ता?”

“आत्ताच.”

“आत्ता संत दारातून बाहेर पडतोय, पोरी. दांडे वाहणारे सगळे त्याच्या खाली आहेत.”

“हे उभे आहेत त्यांतले द्या.”

त्याने वळून बघितलं. उभे होते त्यांतल्या एकाला धड उभं राहता येत नव्हतं, दुसरा रडत होता, पुतळा बाहेर येताना तिथले पुरुष रडतात तसा.

“ऐक,” तोनिनो म्हणाला. “त्याला बाल्कनीतच ठेव. संत त्याच्या दारात येतो. बघशील, चेहऱ्यावर रक्त येईल त्याच्या. आणि संत चर्चमध्ये परत गेला की आम्ही सगळे येतो, बँडसकट. राजासारखा नेऊ.”

“कधी जाईल परत?”

“ते आपण कोण ठरवणार,” तोनिनो म्हणाला. चर्चचे दरवाजे उघडले असावेत, कारण सगळ्या घंटा एकदम

धडाम. धडाम. धडाम.

*

साल्वूच्या दारासमोर, गल्लीच्या पलीकडे, निळं दार होतं. प्लंबर कार्मनूचं.

गावाला दोन संत होते. सान लॉरेन्स लालवाल्यांचा, सान रोक्कू निळ्यांचा. दोन क्लब, दोन बँड, दोन सण, आणि एकाच चर्चमध्ये दोन बाजूंना बसायचं. साल्वू आणि कार्मनू एकमेकांसमोर राहत होते आणि कधीही बोलत नव्हते. कार्मनूच्या नळाचं पाणी साल्वूच्या भिंतीत मुरलं तेव्हा साल्वूने दुसऱ्या गावाहून प्लंबर आणला होता. लालवाल्यांच्या सणाला निळे समुद्रावर निघून जातात, नाहीतर खिडक्या लावून घरात बसतात. कार्मनू घरात बसला होता, कारण घरात त्याची आई होती.

मी दार वाजवलं. बराच वेळ कोणी आलं नाही. मग कार्मनूनेच उघडलं.

“वाट चुकलीस का, चिल्या?”

आत टीव्हीवर फुटबॉल, बाहेरचं ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने. सोफ्यावर त्याचे दोन मुलगे, रेड्यांसारखे. बायको रीटा बादली घेऊन आतल्या खोलीतून आली, केस घामाने चिकटलेले. घरात ओल्या चादरीचा वास होता. आतून म्हातारी हाका मारत होती. “कोण आलंय? रीटा, कोण आलंय? कोण आलंय?”

“साल्वूला श्वास लागलाय,” मी म्हटलं. “शाळेपर्यंत न्यायचंय. अँब्युलन्स तिथवरच येणार.”

“लालवाले कुठे गेले?”

“मिरवणुकीत.”

“सगळे?”

“सगळे.”

“त्यांचा संत जाळीवर भाजला जाताना म्हणे विनोद करत होता,” कार्मनू म्हणाला. “आजही करतोय.”

मुलगे हसले.

“असं काय करता? देव एकच आहे ना?”

“देव एकच आहे,” रीटा बादली खाली ठेवत म्हणाली. “संत दोन आहेत.”

कार्मनूने टीव्हीचा आवाज बंद केला. “आम्हाला बोलवायला साल्वूने सांगितलं?”

मी मागे वळून लाल बाल्कनीकडे बघितलं.

“विचारून ये. तो हो म्हणाला तर येतो. नाहीतर उद्या म्हणेल, निळ्यांनी मला घरातून पळवला.”

“वेळ नाही हो.”

“गल्ली ओलांडायला किती वेळ लागतो?”

मी वळले. मागून त्याने आणखी एक विचारलं. “तुझा परवाना साल्वूच्याच नावावर ना? की डोरिसच्या?”

“साल्वूच्या.”

“हं,” तो म्हणाला. मला वाटलं, या माणसाला माझी कीव आली.

*

“नन्नू, कार्मनू आणि त्याचे मुलगे तयार आहेत.”

त्याने मान हलवली. बोलायला त्याला श्वास जमवावा लागत होता. “निळ्यांच्या. खांद्यावर. मी.”

“दहा मिनिटांचं काम आहे. डोळे मिटून घ्या.”

“मेलो तरी नाही.”

“तुम्ही मेलात तर मी कुठे जाऊ?”

हे मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता असं दिसलं.

“घरी,” तो म्हणाला. “तुला घर नाही?”

लांबून बँड ऐकू यायला लागला. पुतळा चौकात होता. तिथून आमच्या बाल्कनीपर्यंत तो ओगराळ्याने तूप वाढावं तसा येतो, दर पावलाला थांबत. साल्वूने दोन्ही हातांनी बाल्कनीची चौकट पकडली आणि डोळे चौकाच्या दिशेला लावले. त्याचे ओठ आता लाल बाल्कनीत उठून दिसत होते. निळे.

मी खाली उतरले, गल्ली ओलांडली.

“हो म्हणाला,” मी कार्मनूला सांगितलं.

*

चौकटीवरची त्याची बोटं मी सोडवली. एकेक करून. मी सोडवलेलं बोट तो पुन्हा लावायचा, मग मी दुसरं धरून ठेवायचे. कार्मनू आणि मुलगे दारात उभे राहून बघत होते. शेवटचं बोट सुटलं तेव्हा साल्वू माझ्या हातावर थुंकला. थुंकायला पुरेसा श्वास त्याच्यात नव्हता.

जिना गोल आणि अरुंद. खुर्चीसकट त्याला उतरवलं. खाली रीटा दोन दांडे घेऊन उभी होती. सान रोक्कूच्या झेंड्यांचे दांडे, गर्द निळे, टोकाला पितळेच्या कैऱ्या. त्यांनी दांडे खुर्चीच्या हातांखालून घातले, दोरीने आवळले. दोन मुलगे मागे, पुढे कार्मनू आणि त्याचा हाकेसरशी आलेला भाऊ. कार्मनूने एक आवाज दिला आणि खुर्ची वर गेली. त्यांनाही पुतळा वाहायची सवय होती. चौघांची पावलं आपोआप एकत्र पडायला लागली, डावी, उजवी, तशीच डुलत.

“मागच्या गल्लीने चला,” मी म्हटलं.

“मागे क्लबवाल्यांनी मांडवाची लाकडं टाकलीत कालपासून,” कार्मनू म्हणाला. “खुर्ची जाणार नाही.”

आणि तो मोठ्या रस्त्याला वळला.

मी खुर्चीच्या बाजूने चालत होते, एक हात वर करून साल्वूचा गुडघा धरलेला. समोरून माणसं येत होती, लाल रुमाल, लाल टोप्या. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. मग कळलं. रस्ता आपोआप फाकत गेला. मुलं खांद्यावरून खाली उतरवली गेली. बँडमधला एकेक जण वाजवायचा थांबला. पाठ फिरवून उभा असलेला ढोलवाला तेवढा वाजवत राहिला, मग त्यालाही कोणीतरी हात लावला.

आणि समोर सान लॉरेन्स होता.

साल्वू आणि तो एकाच उंचीवर होते. दोघांच्या खाली दांडे, दोघांच्या खाली घामेजलेली माणसं. पुढच्या डाव्या दांड्याखाली साल्वूचा नातू होता, मान वाकडी, डोळे वर. त्याने आजोबांना बघितलं. पुतळा वळवायचा हुकूम द्यायला काठी घेऊन तोनिनो पुढे असतो. तोनिनोने काठी उचलली, पण ती आपटली नाही. निळ्यांच्या दांड्यांवरच्या माणसाकडे संत कसा वळवायचा, हे कोणाला माहीत नव्हतं. आधी कधी झालंच नव्हतं.

“बाजूला व्हा,” कार्मनू म्हणाला. फार हळू म्हणाला. “माणूस आजारी आहे.”

पुतळा बाजूला झाला. संताने साल्वूला वाट दिली.

मी वर बघितलं. साल्वूने डोळे घट्ट मिटले होते, लहान मूल मिटतं तसे, आपण मिटले की समोरच्यालाही आपण दिसणार नाही असं समजून. शाळेपर्यंत त्याने ते उघडले नाहीत. अँब्युलन्सचं दार लागेपर्यंत गावात एकही

एकही गोळा उडाला नाही.

*

साल्वू वाचला. छातीतलं पाणी काढलं. डॉक्टर मला म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर. मी त्याचे आभार मानले, जणू मलाच वाचवलं होतं. ते तसंच होतं.

रात्री मी कपडे घ्यायला घरी आले ती मागच्या गल्लीनेच. मोठ्या रस्त्याने जायची हिंमत नव्हती. गल्लीत लाकडं नव्हती. काही नव्हतं. एक मांजर होतं. मी समजले. निळ्यांना एवढी संधी पुन्हा कधी मिळणार होती? मी कार्मनूला मनातल्या मनात शिव्या दिल्या, मराठीत, आणि तरीही त्याने आणलं म्हणून देवाचे आभार मानले.

मंगळवारी डोरिस हॉस्पिटलच्या बाहेर माझी वाट बघत होती.

“तो सही करणार नाही, सिसिल्या.”

“बरे झाले की करतील.”

“दोन दिवस जेवला नाही तो. म्हणतो, ती घरात असेल तर मी घरी येणार नाही.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “तू त्याला वाचवलंस, मला कळतं. पण त्याला कोण समजावणार? तोनिनो भेटायला आला तर तोंड भिंतीकडे केलं.”

“तुम्ही स्वतःच्या नावावर घ्या ना मला.”

“मग तो माझंही तोंड बघणार नाही,” डोरिस म्हणाली.

मी बॅग भरली. तेलाची बाटली नळाशेजारी होती तिथेच ठेवली. आईला फोन केला. तिने विचारलं, “आजोबा बरे आहेत ना?” मी म्हटलं, बरे आहेत. मग तिला पुढचं सांगता येईना. साल्वूच्या उंबऱ्यावर बॅग घेऊन बसले होते. विमानाचं तिकीट काढायला फोन हातात घेतला होता. समोरचं निळं दार उघडलं.

“आईला माणूस हवंय,” कार्मनू म्हणाला. “येतेस?”

मी बॅग उचलली. गल्ली ओलांडायला खरंच वेळ लागला नाही.

*

माझा परवाना नन्ना जेझाच्या नावावर झाला. कार्मनूची आई. जड बाई, दोघांनी उचलावी अशी. मी एकटीने उचलायला शिकले. आई वसईत जेवत राहिली.

साल्वू त्यानंतर काही वर्षं जगला. त्याच्याकडे नेपाळहून एक बाई आली. बाल्कनीच्या काचांवरच्या लाकडी झडपा मात्र त्याने कधी उघडू दिल्या नाहीत. दर सणाला लालवाले रीत पाळायचे. बँड थांबायचा, तोनिनो काठी आपटायचा, सान लॉरेन्स वळायचा. आम्ही निळे, म्हणजे मीही, खिडक्या लावून आत. मी फटीतून बघायचे. संताचं तोंड बंद बाल्कनीकडे आणि त्याची पाठ आमच्याकडे, पाठीला सोन्याचा मुलामा नव्हता, नुसतं लाकूड. ते तसे बराच वेळ उभे राहायचे. आत साल्वू कुठे बसत असेल ते मला माहीत होतं.

तो गेला फेब्रुवारीत, पावसात. लाल बँड न वाजवता शवपेटीमागून चालला. नियमाप्रमाणे निळ्यांनी दारं लावायला हवी होती. कार्मनूने लावलं नाही. उंबऱ्यावर टोपी काढून उभा राहिला. मी खिडकीशी बसून नन्ना जेझाला सूप भरवत होते. शवपेटी तोनिनोच्या खांद्यावर होती, पुढच्या डाव्या कोपऱ्यात. ती वळणापलीकडे गेल्यावर मी म्हटलं,

“त्या दिवशी मागची गल्ली मोकळी होती.”

“होती,” कार्मनू म्हणाला.

“आणि तो हो म्हणाला नव्हता.”

“साल्वू हो म्हणेल?” त्याला जरासं हसू आलं. “मेला असता आधी.”

“मग आलात कशाला?”

त्याने टोपी झटकली, डोक्यावर घातली. माझ्या हातातल्या चमच्याकडे बघितलं, मग आईकडे.

“आईला सांभाळायला तेव्हा कोणी मिळत नव्हतं,” तो म्हणाला. “रीटाची पाठ गेली होती. आणि तुझ्यासारखीला साल्वू काही सोडणार नव्हता. त्या रस्त्याने नेला म्हणून सोडलं.”

बाहेर पाऊस. त्याने दार ओढून घेतलं.

“पण वाचला ना तो,” तो म्हणाला.

“कोण आलंय?” नन्ना जेझाने विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हटलं. तिने तोंड उघडलं. मी चमचा पुढे केला.